न्यू जर्सीतली परवानाधारक बेटिंग ॲप्स: सोलापूरच्या घरांसाठी सविस्तर परीक्षण

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत अमेरिकेत मूल असलेलं घर आता शोधावं लागत नाही. कुणाचा मुलगा न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कच्या एनजेआयटी या तंत्रशिक्षण विद्यापीठात एमएस करतो, कुणाची मुलगी आणि जावई तिथल्याच एडिसनला नोकरीला आहेत. आयपीएलच्या दिवसांत फोनवर गप्पा चालू असताना तिकडून सहज वाक्य येतं, "बाबा, इथं हे कायदेशीर आहे, ॲपवर लावतो कधीकधी." आणि इकडे आईबाबांच्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे सोलापुरातच व्हॉट्सॲपवर बेटिंगचे 'आयडी' वाटणारे लोक "परदेशात लायसन्स आहे, काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगतात. या दोन 'कायदेशीर'मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो नीट सांगणं गरजेचं आहे.

परीक्षण एका कंपनीचं नाही. फॅनड्युएल, ड्राफ्टकिंग्ज यांसारखी ॲप्स, तसंच मॉन्माउथ पार्क आणि मेडोलँड्स या रेसकोर्सवरच्या बेटिंगच्या खिडक्या, सगळ्यांना राज्याचे नियम एकच लागू होतात. म्हणून परीक्षण त्या व्यवस्थेचं. आमचं मत आधीच सांगतो. ग्राहकाची ओळख, पैसे आणि तक्रार सांभाळण्यात ही सेवा चांगली आहे, काही बाबतीत फारच चांगली. पण तिच्यातून पैसे कमवायचा विचार असेल तर गणित पहिल्या दिवसापासून विरोधात आहे. आणि न्यू जर्सीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की त्या परवान्याचं संरक्षण संपतं. मग ते पाऊल टेक्सासमध्ये पडो की सोलापूरच्या सात रस्त्यावर.

परवाना आला कुठून

१९९२ साली अमेरिकी संसदेने 'पास्पा' नावाचा कायदा केला. त्याने राज्यांना क्रीडा बेटिंगला परवानगी देण्यापासून रोखलं. नेवाडासारख्या मोजक्या राज्यांचे जुने प्रकार तेवढे राहू दिले. अटलांटिक सिटीचे कॅसिनो असलेल्या न्यू जर्सीला वर्षभराची सवलत होती, ती राज्याने हातची घालवली. २०११ मध्ये मतदारांनी सार्वमतात बेटिंगच्या बाजूने कौल दिला, २०१२ मध्ये कायदा झाला आणि बड्या क्रीडा लीग थेट कोर्टात गेल्या. १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'मर्फी विरुद्ध एनसीएए' (अमेरिकेतली कॉलेज क्रीडा संघटना) खटल्यात पास्पा रद्द केला. ११ जूनला राज्याच्या नव्या कायद्यावर गव्हर्नर फिल मर्फी यांची सही झाली आणि १४ जूनला मॉन्माउथ पार्कवर पहिली कायदेशीर बेट त्यांनीच लावली.

हा निकाल समजून घेताना अनेकांची गल्लत होते. बेटिंग चांगलं की वाईट, यावर कोर्टाने शिक्का मारलेला नाही. एखादी गोष्ट बंदच ठेवा असा हुकूम केंद्र राज्यांच्या विधिमंडळांना सोडू शकत नाही, एवढाच निकालाचा गाभा आहे. त्यामुळे 'अमेरिकेत बेटिंग कायदेशीर आहे' हे वाक्यच अपुरं आहे. कोणत्या राज्यात, हे विचारायला हवं. टेक्सासमध्ये ते कायदेशीर नाही. कॅलिफोर्नियात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दोन वेगवेगळे प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. नोकरी बदलून एडिसनहून डॅलसला गेलेल्या मुलाचं खातं राहील, शिल्लक काढताही येईल, पण तिथून एक डॉलरही लावता येणार नाही.

न्यू जर्सीत परवाना मुळात कॅसिनो किंवा रेसकोर्सला मिळतो आणि एका परवान्याखाली जास्तीत जास्त तीन ऑनलाइन ब्रँड चालू शकतात. फॅनड्युएल मेडोलँड्सच्या आधाराने चालतं, ड्राफ्टकिंग्ज अटलांटिक सिटीच्या रिसॉर्ट्स कॅसिनोच्या. ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत हा भागीदार लिहिलेला असतो. तो नसेल तर ॲप उघडूच नका. देखरेख राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या हाताखालच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटची, म्हणजे डीजीईची. परवानाधारकांची यादी आणि दर महिन्याची उलाढाल ती संकेतस्थळावर टाकते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन बेटिंगच्या उत्पन्नावरचा राज्याचा कर १३ टक्क्यांवरून १९.७५ टक्के झाला. तो कंपनी भरते हे खरं, पण त्याचा भार बोनस कमी होण्यात आणि भाव आकसण्यात दिसणार, हे धरून चालावं.

खातं उघडताना अडतं कुठं

वय २१ पूर्ण हवं. १९-२० वर्षांच्या विद्यार्थ्याला खातं मिळत नाही, आणि रूममेटच्या खात्यावरून लावणं हा दोघांच्याही दृष्टीने नियमभंग आहे. एका माणसाचं एका ब्रँडवर एकच खातं, आणि ते फक्त त्यानेच वापरायचं. इथं सोलापूरच्या वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. "माझे दहा हजार मुंबईवर लाव" असं फोनवरून मुलाला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बेट लावायला लावणं. ते उघड झालं तर खातं मुलाचं बंद होतं.

ओळखीसाठी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे निदान शेवटचे चार आकडे मागतात. परदेशी नागरिकाला त्याऐवजी पासपोर्ट किंवा करदाता क्रमांक देण्याची सोय नियमांत आहे. मात्र ॲपची स्वयंचलित पडताळणी क्रेडिट नोंदींवर चालते. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याच्या तशा नोंदीच नसतात, म्हणून ती पहिल्या फटक्यात नापास होते. मग पासपोर्टचा फोटो आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करावा लागतो. मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, बँकेच्या कार्डावर मात्र फक्त पहिलं नाव आणि आडनाव. ही दोन नावं जुळली नाहीत की पैसे भरता येतात, पण काढताना खातं अडकतं. खातं उघडतानाच पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव टाकावं आणि त्याच नावाचं अमेरिकी बँक खातं जोडावं.

भारतातलं डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड वापरायचा प्रयत्न करू नये. जुगाराच्या व्यवहारांना कार्ड कंपन्यांचा ७९९५ हा वेगळा कोड आहे आणि तो दिसला की भारतीय बँक व्यवहार नाकारते. त्यामागे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा आहे. लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परकीय चलन पाठवायला त्याखालच्या २००० सालच्या नियमांनी मनाई केलेली आहे. शिक्षणाच्या नावाने सोलापूरच्या बँकेतून पाठवलेले डॉलर बेटिंगला वापरले, तर पाठवण्याचं कारण खोटं ठरतं आणि उत्तर द्यायची वेळ पाठवणाऱ्या पालकावर येते. अमेरिकी क्रेडिट कार्डही टाळलेलं बरं. अनेक बँका असा व्यवहार रोख उचल धरतात, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क लागतं.

लोकेशन

या सेवेचा सगळ्यात कडक भाग हाच. बेट लावताना फोन राज्याच्या हद्दीत आहे की नाही, हे ॲप जीपीएस, वायफाय आणि मोबाइल टॉवर यांवरून तपासतं, आणि एकदा तपासून थांबत नाही. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये हडसन नदीखाली शिरलं की बेट नाकारली जाते. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन बेटिंग ८ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. त्याआधी न्यूयॉर्कचे लोक सायकलवरून जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यू जर्सीत येत, बेट लावत आणि परत जात.

घरी बसूनही नकार येत असेल तर कारण बहुतेक वेळा ऑफिसच्या लॅपटॉपवरचं व्हीपीएन, चालू राहिलेलं स्क्रीन शेअरिंगचं सॉफ्टवेअर किंवा फोनमध्ये 'अचूक लोकेशन' बंद असणं हे असतं. व्हीपीएन बंद करून, वायफाय चालू ठेवून, ॲप पुन्हा उघडलं की काम होतं. व्हीपीएनने न्यू जर्सी दाखवून सोलापूरहून लावू, असं कुणी म्हणत असेल तर ते तांत्रिकदृष्ट्याही चालत नाही. आणि चुकून चाललंच तर जिंकलेली रक्कम रोखण्याचा अधिकार कंपनीला अटींमध्येच आहे.

भाव आणि त्यातलं गणित

अमेरिकी भाव पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात. उणे ११० म्हणजे १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० लावायचे. अधिक १५० म्हणजे १०० लावले तर १५० नफा. आपल्याकडे बुकी पैशांत बोलतात. '८० पैसे' म्हणजे शंभराला ऐंशी नफा. तोच भाव अमेरिकी पद्धतीत उणे १२५ आणि दशांशात १.८० होतो. सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडावी, तुलना सोपी जाते.

दोन्ही संघ तुल्यबळ असलेल्या सामन्यात दोन्ही बाजूंना उणे ११० असतं. म्हणजे नफा-तोटा शून्यावर राखायलाही शंभरातल्या ५२.३८ बेट जिंकाव्या लागतात. ही कंपनीची सरळ बेटवरची कमाई, आणि ती तुलनेने माफक आहे. खरा खड्डा पार्लेमध्ये, म्हणजे साखळी बेटमध्ये आहे. तीन निकाल जोडले आणि तिन्ही बरोबर आले तर ॲप एका डॉलरचे सुमारे ६.९६ देतं. पण तिन्ही निकाल निम्म्या शक्यतेचे असतील तर न्याय्य परतावा ८ आहे. म्हणजे १३ टक्के कापले गेले. पाच निकालांच्या साखळीत ही कात्री २० टक्क्यांच्या वर जाते. ॲप उघडल्याबरोबर सर्वांत मोठ्या अक्षरांत साखळी बेटच का दिसते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. आमच्या मते या सेवेतली सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट हीच. कायद्याने तिला हात लावलेला नाही.

बोनसचंही तसंच. १०० डॉलरची 'बोनस बेट' जिंकली तर फक्त नफा मिळतो, ते १०० परत येत नाहीत. बरोबरीच्या (शंभराला शंभर नफा) भावाला तिची खरी किंमत पन्नासच्या आसपास पडते. सतत जिंकणाऱ्याची मर्यादा कंपनी गुपचूप खाली आणू शकते. ५०० लावायला गेलं की ॲप १२ डॉलरच स्वीकारतं. त्यालाही नियमांची आडकाठी नाही.

काय लावता येतं, हे मात्र डीजीई ठरवते. आयपीएल आणि टी-ट्वेन्टी विश्वचषक उपलब्ध असतात. आपला संध्याकाळी साडेसातचा सामना तिथं सकाळी दहाला सुरू होतो. शालेय सामने पूर्ण बंद. न्यू जर्सीतल्या कॉलेज संघांवर, आणि राज्यात होणाऱ्या कुठल्याही कॉलेज सामन्यावर, बेट लावता येत नाही. ही अट उठवण्याचा प्रस्ताव २०२१ च्या सार्वमतात पडला. २०२२ मध्ये जर्सी सिटीचं सेंट पीटर्स कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचलं, सगळं राज्य त्या संघामागे वेडं झालं, आणि त्यांच्यावर बेट लावायला राज्यात कायदेशीर जागा नव्हती. विद्यार्थी खेळाडूंवरचा दबाव पाहता ही बंदी योग्यच वाटते.

क्रिकेटची बेट लावण्याआधी 'हाउस रूल्स', म्हणजे ॲपचे स्वतःचे नियम वाचावेत. पावसाने षटकं कमी झाली तर सहा षटकांच्या धावांची बेट रद्द होते का, सुपर ओव्हरचा निकाल धरतात का, इम्पॅक्ट प्लेअर म्हणून उतरलेला फलंदाज 'खेळला' मानतात का, हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं आहे.

वाद झाला तर

सप्टेंबर २०१८ मध्ये मेडोलँड्सच्या खिडकीवर एक प्रकरण घडलं. डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यात यंत्रणेने चुकून ७५० ला १ असा भाव दाखवला. एका ग्राहकाने ११० डॉलर लावले आणि तिकिटावर ८२ हजारांहून अधिक रक्कम छापली गेली. फॅनड्युएलने आधी 'भाव उघड चुकीचा होता' म्हणून नकार दिला. डीजीईने लक्ष घातलं, बातम्या झाल्या आणि काही दिवसांत कंपनीने पूर्ण पैसे दिले. उघड चुकीचा भाव रद्द करण्याचं कलम आजही अटींमध्ये असतं, म्हणून प्रत्येक वेळी असं होईल असं समजू नये. मात्र तक्रार ऐकणारं, कंपनीच्या वरचं कुणीतरी तिथं आहे. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करावी. बेटचा क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट जोडावेत. उत्तर पटलं नाही तर डीजीईच्या संकेतस्थळावरचा वाद-अर्ज भरावा. चॅटवर बोलून थांबू नये, चॅटची नोंद हातात राहत नाही.

ग्राहकांचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या खात्यात मिसळता येत नाहीत. त्यासाठी न्यू जर्सीतच वेगळं बँक खातं ठेवावं लागतं. आणि मर्यादांची सोय तर मनापासून दाद द्यावी अशी. दिवसाला, आठवड्याला किती पैसे भरायचे, किती वेळ खेळायचं, हे स्वतः ठरवता येतं. मर्यादा खाली आणली तर निदान पुढच्या लॉगिनपासून लागू होते; वर न्यायची असेल तर आधीची मुदत संपावी लागते आणि पुन्हा होकार द्यावा लागतो. रागाच्या भरात वाढवता येत नाही, हे या नियमाचं मर्म. आयुष्यभरातला एकूण भरणा २,५०० डॉलरच्या वर गेला की माहिती वाचून संमती दिल्याशिवाय पुढची बेट घेतली जात नाही. किमान ७२ तासांची विश्रांती घेता येते, किंवा एक वा पाच वर्षांसाठी स्वतःला वगळून घेता येतं. ती मुदत संपेपर्यंत राज्यातली सगळी परवानाधारक ॲप्स बंद, आणि त्या काळात चोरून जिंकलेले पैसे जप्त होतात.

कर: विद्यार्थ्यांचं इथं खरं नुकसान होतं

एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी सहसा अनिवासी धरला जातो. त्याच्या क्रीडा बेटिंगच्या जिंकीवर ३० टक्के सरळ कर आहे, हरलेली रक्कम वजा होत नाही आणि भारत-अमेरिका कर करारातही सूट नाही. वर्षभरात १,००० डॉलर जिंकले आणि १,४०० हरले, तरी ३०० डॉलर कर उभा राहतो. कंपनीकडून फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. फॉर्म मोठ्या भावाच्या मोठ्या जिंकीलाच येतो, कर मात्र सगळ्या जिंकीवर लागतो.

एच-१बी वर नोकरी करणारा पुरेसे दिवस राहिला की करासाठी निवासी ठरतो आणि हार वजा करू शकतो. पण खर्चांची तपशीलवार वजावट घेतली तरच. बहुतेक जण ठोक वजावट घेतात, मग हरलेल्या रकमेचा उपयोग शून्य. त्यातही २०२६ पासून हारीच्या ९० टक्केच वजा होतात: १०,००० जिंकले, १०,००० हरले, तरी १,००० डॉलर करपात्र.

मुलांकडे राहायला गेलेले सोलापूरचे आईवडील मॉन्माउथ पार्कच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून कायदेशीरपणे बेट लावू शकतात, तिथलं रहिवासी असण्याची अट नाही. पण ते भारताचे कर-निवासी असतात. जिंकलेली रक्कम इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते, ३० टक्के दराने, हार वजा न करता. अमेरिकेत कापलेल्या कराचं श्रेय मागायचं तर कर भरल्याचा पुरावा जपून ठेवून सीएला वेळेत द्यावा.

नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगलं चारित्र्य' तपासताना बेकायदा जुगारातून मुख्य उत्पन्न असणं किंवा जुगाराचे दोन गुन्हे सिद्ध होणं आड येतं. परवानाधारक ॲपवरची बेट त्यात येत नाही. मित्राच्या ओळखीच्या बुकीकडे लावलेल्या बेटला मात्र परवान्याचा असा आधार नसतो.

आता सोलापुरातला 'आयडी'

व्हॉट्सॲपवरून मिळणाऱ्या आयडीच्या मागे वरचं काहीच नसतं. ओळख पडताळणी नाही, वेगळं बँक खातं नाही, वाद ऐकणारं कुणी नाही. भाव कधी न्यू जर्सीपेक्षा चांगला दिसतो, कारण त्यात कर आणि नियमांचा खर्च नसतो. पण मोठी जिंक झाली की आयडी बंद होतो आणि एजंट फोन उचलत नाही. परदेशी लायसन्सला इथं काहीही किंमत नाही. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. त्यावर संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला, तसंच त्यांचे व्यवहार फिरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. परदेशातून चालणाऱ्या सेवाही त्यात येतात. या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो" याला होकार देणारा कॉलेजचा पोरगा खेळणारा राहत नाही, तो व्यवहार फिरवणाऱ्यांत जाऊन बसतो.

असं खातं दिलं गेलं असेल तर एटीएम कार्ड, चेकबुक आणि त्या खात्याला जोडलेलं सिम परत मिळायची वाट पाहू नका. त्याच दिवशी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन खातं थांबवा आणि अर्जाची पोच घ्या. पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर फोन करा. यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला) क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा. न्यू जर्सीतलं मूल हाताबाहेर चाललंय असं वाटत असेल, तर तिथला फोन १-८००-गॅम्बलर. तो चोवीस तास चालू असतो आणि व्हिसा कोणता आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.